फोन की कॅमेरा: कोकण किनाऱ्यावर छायाचित्रण शिकू पाहणाऱ्यांसाठी

दिवाळी सरून किनाऱ्यावर पर्यटकांची ये-जा सुरू झाली, की दरवर्षी एकच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. घरगुती निवास चालवणाऱ्या ताई विचारतात, आंब्याच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवणारे बागायतदार विचारतात, गावची पालखी आणि दशावतार टिपून ठेवू पाहणारी कॉलेजातली मुले विचारतात: चांगले फोटो काढायचे असतील तर वेगळा कॅमेरा घ्यावा, की हातातला फोन पुरेल? रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत नवशिक्यांना छायाचित्रण शिकवताना मी या प्रश्नाला एकच उत्तर देत आलो आहे. दिवाळीपासून मिरगापर्यंतचा एक पूर्ण मोसम फोननेच काम करावे, त्या मोसमात जी छायाचित्रे फसतील ती पुसून न टाकता जपून ठेवावीत, आणि कॅमेरा घ्यायचा की नाही, घ्यायचा तर कोणता, हे त्या फसलेल्या छायाचित्रांकडे पाहून ठरवावे. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

फोनने कॅमेऱ्याचा बाजार किती खाल्ला, हे एकदा नजरेखालून घातलेले बरे, कारण त्यावरून काय विकत घेऊ नये हे कळते. २००० साली जपानमध्ये शार्प कंपनीचा जो कॅमेराफोन विक्रीला आला, त्याचा कॅमेरा जेमतेम ०.११ मेगापिक्सेलचा होता. त्यानंतर दहा वर्षांनी, म्हणजे २०१० साली, डिजिटल कॅमेऱ्यांची विक्री शिखरावर होती आणि कॅमेरा उत्पादकांच्या जपानी संघटनेच्या नोंदीप्रमाणे त्या वर्षी १२ कोटींहून अधिक कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली हाच आकडा ८० लाखांच्या खाली आला होता. त्या उरलेल्या कॅमेऱ्यांत लेन्स बदलता येणारेच बहुसंख्य आहेत. बुडाला तो खिशात मावणारा छोटा कॅमेरा, आणि तो बुडणे रास्त होते, कारण त्याचे काम फोन अधिक चांगले करू लागला. म्हणून कोणी नातेवाईक जुना छोटा कॅमेरा कौतुकाने देऊ करत असेल तर तो आठवण म्हणून जरूर ठेवावा, पण शिकण्यासाठी त्याच्यावर पैसे घालू नयेत.

प्रकाश कोण किती गोळा करतो

पावसाळ्यात पागोळ्यांखाली तांब्या ठेवला तर तो थोडे पाणी धरतो आणि घंगाळ ठेवले तर पुष्कळ धरते; सेन्सरचे, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणाऱ्या पट्टीचे, तसेच आहे. फुल फ्रेम म्हणतात त्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटर असतो. नवशिक्यांना परवडणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी आकाराचा, म्हणजे साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा सेन्सर असतो. चांगल्या, महाग फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात तो साधारण १० × ७.५ मिलिमीटर भरतो आणि स्वस्त फोनमध्ये याहून बराच लहान असतो.

दुसरी गोष्ट लेन्सच्या तोंडाची. फोनच्या जाहिरातीत एफ/१.८ असे लिहिलेले असते आणि कॅमेऱ्याच्या ५० मिलिमीटरच्या साध्या लेन्सवरही एफ/१.८ असेच लिहिलेले असते, त्यामुळे दोन्ही सारखेच असा समज होतो. हा आकडा म्हणजे भागाकार आहे: लेन्सचे केंद्रांतर (लेन्सपासून दूरच्या वस्तूचे चित्र जिथे स्पष्ट उमटते तिथपर्यंतचे अंतर) भागिले प्रकाश आत येणाऱ्या छिद्राचा व्यास. ५० ला १.८ ने भागले की सुमारे २८ मिलिमीटर येतात, म्हणजे एखाद्या मोठ्या नाण्याएवढे छिद्र. फोनच्या मुख्य लेन्सचे खरे केंद्रांतर सात मिलिमीटरच्या आसपास असते, त्याला १.८ ने भागले की चार मिलिमीटरही येत नाहीत, म्हणजे मसुरीच्या दाण्याएवढे छिद्र. आकडा सारखा असला तरी आत येणाऱ्या प्रकाशात एवढे अंतर आहे.

ही कमतरता फोन गणिताने भरून काढतो, आणि ते गणित खरोखर कौतुकास्पद आहे. आपण बटण दाबतो तेव्हा फोन एक छायाचित्र घेत नाही. पाठोपाठ अनेक चित्रे घेऊन ती एकमेकांवर नेमकी बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. अंधारात चित्रावर जे दाणे दिसतात ते प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी पडलेले असतात, म्हणून नऊ चित्रांची सरासरी काढली की दाणेदारपणा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. उजळ आकाश आणि काळोखी पडवी एकाच चित्रात नीट दिसतात तेही याच युक्तीने. अट एवढीच, की समोरची वस्तू तेवढा वेळ जागची हलता कामा नये. हात हलला तर फोन सावरून घेतो, पण समोरचे हलले तर त्याचा नाइलाज होतो. हे एक वाक्य लक्षात ठेवले तर पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागचे कारण आपोआप कळत जाईल.

पहिली पायरी: फोनची तयारी

किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने सर्वांत आधी फोनची लेन्स पुसायला शिकावे. खाऱ्या वाऱ्यात अर्धा तास काढला तरी काचेवर मिठाचा अतिशय पातळ थर बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही, मात्र सूर्यास्ताच्या छायाचित्रात सूर्याभोवती दुधाळ पसारा आणि दिव्यांभोवती लांब रेघा उमटतात, आणि माणूस फोनला दोष देतो. शर्टाच्या टोकाने काच चोळू नये, कारण पुळणीवरचा एखादा वाळूचा कण कापडात असतोच. आधी फुंकर मारावी, मग मऊ सुती कापडाचे टोक गोड्या पाण्यात किंचित भिजवून अलगद फिरवावे आणि कोरड्या टोकाने टिपून घ्यावे.

त्यानंतर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आडव्या-उभ्या रेघांची जाळी चालू करावी. समुद्राचे क्षितिज तिरके आलेले छायाचित्र कितीही सुंदर असले तरी डोळ्याला खुपते, आणि आपल्याकडे तर दर दुसऱ्या छायाचित्रात क्षितिज येते. फोन ५० किंवा २०० मेगापिक्सेलचा असला तरी नेहमीच्या कामाला १२ मेगापिक्सेलची मांडणीच ठेवावी. तीत शेजारशेजारचे बिंदू एकत्र करून फोन अधिक स्वच्छ चित्र देतो. १२ मेगापिक्सेल म्हणजे ४००० × ३००० बिंदू, आणि इंचाला ३०० बिंदूंच्या हिशेबाने त्यातून साधारण १३ × १० इंचांची उत्तम छापील प्रत निघते. भरपूर उजेड असेल आणि समोरचे काही हलत नसेल, तेव्हाच मोठी मांडणी वापरण्यात अर्थ आहे.

दूरची वस्तू जवळ आणण्यासाठी दोन बोटांनी पडदा ताणण्याची सवय मोडावी लागते. पडद्यावर जे १, २, ५ असे आकडे दिसतात, त्यांतले काही खऱ्या लेन्सचे असतात आणि काही ठिकाणी फोन मुख्य चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करून दाखवतो. आपल्या फोनमध्ये खरे काय आहे ते ओळखण्याची सोपी रीत अशी, की एकेक आकडा निवडून मागच्या लेन्सवर पाळीपाळीने बोट धरावे आणि कोणत्या लेन्सवर बोट ठेवल्यावर पडदा काळा होतो ते पाहावे. हीच तपासणी दिवसा उन्हात आणि संध्याकाळी मंद दिव्यात अशी दोनदा करावी, कारण उजेड कमी झाला की पुष्कळ फोन लांबची लेन्स सोडून न सांगता मुख्य लेन्सवर येतात.

उजेडावर ताबा मिळवण्यासाठी एवढे पुरते: ज्या भागाचा रंग नीट यायला हवा त्या भागावर बोट थोडा वेळ दाबून धरावे, म्हणजे फोकस आणि उजेड तिथे बांधला जातो; मग बोट खाली सरकवून चित्र किंचित गडद करावे. सूर्यास्ताला सूर्यावर नेम न धरता त्याच्या शेजारच्या केशरी आकाशावर धरावा.

दुसरी पायरी: पंचांग, भरती आणि ऊन

या पायरीवर मी जाणूनबुजून जास्त वेळ थांबतो, कारण साधनाने जेवढा फरक पडतो त्याहून अधिक फरक योग्य वेळी योग्य जागी उभे राहण्याने पडतो, आणि त्याला पैसा लागत नाही.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सूर्य सह्याद्रीच्या मागून उगवतो आणि समुद्रात मावळतो. म्हणजे सकाळी पुळणीवर उभे राहून समुद्राकडे पाहिले तर ऊन आपल्या पाठीकडून येते, समोरच्या होड्यांचे रंग आणि माणसांचे चेहरे उजळ दिसतात. संध्याकाळी तीच माणसे सूर्याच्या आड येऊन काळ्या आकृती होतात. माणसांचे काम टिपायचे असेल तर सकाळ घ्यावी, आणि आकार किंवा छायाकृती हव्या असतील तर संध्याकाळ. पर्यटक मात्र सगळे फोटो संध्याकाळीच काढतात आणि चेहरे काळे आले म्हणून हळहळतात.

ओल्या पुळणीत आकाशाचे प्रतिबिंब पडते ते ओहोटीच्या वेळी. त्यासाठी तिथीचा जुना हिशेब उपयोगी पडतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास पाणी सर्वांत मागे गेलेले असते, उधाणाचे दिवस असल्याने ते नेहमीपेक्षा जास्त मागे गेलेले असते, आणि नेमकी तीच सूर्यास्ताची वेळ असते. महिन्यातले असे सहा-सात दिवस दिनदर्शिकेवर आधीच खूण करून ठेवावेत. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात; तेव्हा सूर्यास्ताला पाणी वर असते आणि पुळण अरुंद मिळते. हा हिशेब ठोकळ आहे, म्हणून निघण्यापूर्वी छापील भरती-ओहोटीचे कोष्टक जरूर पाहावे आणि उधाणाच्या दिवशी पाणी परतताना खडकाच्या टोकावर उभे राहू नये.

तिसरी पायरी: चार विषयांवर सराव

पहिला विषय घरचा घ्यावा. हापूसच्या फळांचे छायाचित्र गिऱ्हाइकाला पाठवायचे असेल तर फळे पडवीत उघड्या दाराजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी मांडावीत. घरातला पिवळा दिवा बंद करावा, नाहीतर एका बाजूने आकाशाचा निळसर उजेड आणि दुसऱ्या बाजूने दिव्याचा पिवळा उजेड पडून फळाचा रंग ओळखू येईनासा होतो. अंधाऱ्या बाजूला पांढरी चादर धरून सावली हलकी करावी. फोन फळाला चिकटवून मुख्य लेन्सने काढले तर पुढचे फळ फुगलेले दिसते. दोन पावले मागे सरून दोन पटीवर काढावे. पोर्ट्रेट मोड इथे टाळावा, कारण फोन पार्श्वभूमी धूसर करताना फळाचा देठही बरोबर पुसून टाकतो. शेवटी फळ पडद्याशेजारी धरून रंग ताडून पाहावा. फोनला पिवळा आणि हिरवा हे रंग भडक करण्याची खोड आहे, तेव्हा रंगाची तीव्रता हाताने कमी करावी. पेटी उघडल्यावर गिऱ्हाइकाच्या हाती तेच फळ पडणार आहे, आणि छायाचित्राने वाढवून सांगितलेला रंग पुढच्या वर्षीची मागणी घालवतो. पाठवतानाही काळजी घ्यावी: व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

दुसरा विषय कातळशिल्पांचा. रत्नागिरी जिल्ह्यातील बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, उक्षी आदी ठिकाणची कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली आणि तेव्हापासून सड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारांवर, माणसांची वर्दळ वाढली. दुपारी बारा वाजता ही शिल्पे छायाचित्रात जवळजवळ दिसतच नाहीत, कारण जांभ्यात कोरलेली रेघ उथळ असते आणि डोक्यावरचे ऊन तिच्यात सावली पडू देत नाही. सूर्य उगवल्यानंतरचा किंवा मावळण्यापूर्वीचा तासभर घ्यावा. तिरप्या उन्हात प्रत्येक खाच आपली सावली घेऊन उभी राहते. कशेळीचा हत्ती जमिनीवरून एका नजरेत मावत नाही, तेव्हा फोन लांब काठीवर बसवून टायमर लावून उंचावरून छायाचित्र घ्यावे. इथे हलका फोन कॅमेऱ्यापेक्षा नक्कीच सरस ठरतो. रेघा उठून दिसाव्यात म्हणून कोणी खडू फिरवतात, पाणी ओततात, रेघांवर पाय देऊन उभे राहतात. यातले काहीही करू नये आणि कोणी करताना दिसला तर त्याला थांबवावे. ड्रोन उडवायचा असेल तर त्या जागी परवानगी आहे का, हे सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आधी पाहावे.

तिसरा विषय वेळास किंवा आंजर्ल्याच्या कासवांचा. ऑलिव्ह रिडलेची पिल्ले सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडली जातात आणि स्वयंसेवक दोरी बांधून बघ्यांना मागे ठेवतात. फ्लॅश आणि विजेरी पूर्ण बंद ठेवावी. पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात आणि आपल्या दिव्यामुळे वाट चुकतात. फोनचा फ्लॅश आपोआपवर राहिलेला असतो, तो घरूनच बंद करून निघावे. दोरीपाशी गुडघ्यावर बसून, कोपर वाळूत टेकवून फोन जमिनीच्या पातळीवर आणला, तर पिल्लू आणि त्याच्यापुढची लाट एकाच चित्रात येते. उभ्याने काढलेल्या छायाचित्रात वाळूवर एक काळा ठिपका तेवढा उरतो.

चौथा विषय रापणीचा, आणि फोनची मर्यादा पहिल्यांदा ठळकपणे जाणवते ती इथे. पहाटेच्या अंधुक उजेडात माणसे दोन्ही दोरांना लागून जाळे ओढत असतात. दुरून, सगळी रांग धरून काढलेले छायाचित्र फोनवर उत्तम येते. जाळे काठाला लागल्यावर मात्र पहिल्या काही क्षणांत बांगडे एकावर एक उसळत असतात आणि त्याच क्षणांसाठी आपण पहाटे उठून आलेलो असतो. माझ्या अशाच एका छायाचित्रात जाळ्याची गाठ न् गाठ स्पष्ट आहे, ओल्या दोरावरची वाळू मोजता येईल अशी आहे, आणि माशांच्या जागी मात्र चंदेरी रेघांचा गुंता आहे. एकाही बांगड्याला डोळा नाही, शेपटी नाही, आणि टोपली धरलेल्या हाताला बोटे नाहीत. फोनने उजेड कमी पाहून शटर जास्त वेळ उघडे ठेवले होते. असे होऊ लागले तर नाइट मोड बंद करावा, प्रो मोडमध्ये, म्हणजे सगळे हाताने ठरवू देणाऱ्या मोडमध्ये, शटर १/२५० सेकंद करावे आणि चित्र दाणेदार आले तरी चालवून घ्यावे. मासळीची घाई असलेल्या माणसांच्या पायांत येऊ नये आणि जवळून चेहरा टिपण्याआधी विचारावे, हे सांगायलाच हवे असे नाही, तरीही सांगतो.

दशावतार हा याच जातीचा विषय आहे, आणि तिथे आणखी एक अडचण येते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, आणि व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. प्रो मोडमध्ये व्हिडिओ सेकंदाला २५ चौकटींचा आणि शटर १/५० सेकंदाचे ठेवले की बहुतेक ठिकाणी पट्टे जातात. आयफोनवर त्यासाठी सेटिंगमध्ये पाल (PAL) स्वरूप चालू करावे लागते. पात्रांच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नये.

चौथी पायरी: फसलेल्यांचा अल्बम

फोनमध्ये ‘फसलेले’ नावाचा अल्बम करावा आणि मोसमभर मनाजोगती न आलेली छायाचित्रे त्यात टाकत जावे. मिरगाचा पाऊस सुरू झाला की घरात बसायला वेळ मिळतो. तेव्हा ती एकेक उघडून तिच्यापुढे फसण्याचे कारण वहीत लिहावे. माझ्या अनुभवात बहुतेक कारणे पाच-सहा प्रकारांतच येतात. क्षितिज तिरके, लेन्स मळलेली, ऊन चुकीच्या बाजूने, वेळ चुकलेली, गर्दीत नेमका विषय कोणता तेच न कळणारे: ही सगळी आपली कारणे आहेत आणि कोणताही कॅमेरा ती दूर करत नाही. पहिल्या वर्षी निम्म्याहून अधिक छायाचित्रे याच रकान्यात गेली तर वाईट वाटून घेऊ नये; कॅमेऱ्याचे पैसे वाचले आणि काय शिकायचे ते कळले.

उरलेल्यांत दोन कारणे खरोखर साधनाची असतात. एक अंतर: माडावर बसलेला समुद्रगरुड ठिपक्याएवढा आला, देवरुखकडच्या रानातला धनेश पानांत विरघळून गेला, होडीतून पाहिलेला डॉल्फिन म्हणजे राखाडी पुसट आकार झाला. दुसरे अंधारातली हालचाल: पालखी नाचवणारे खांदे, दशावतारातला युद्धप्रसंग, हिवाळ्यात कधीकधी रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा. वहीत या दोन कारणांची छायाचित्रे पुन्हापुन्हा येत असतील, आणि ते विषय आपल्या जिव्हाळ्याचे असतील, तर कॅमेरा घेण्याचे कारण मिळाले असे समजावे. निव्वळ घरगुती निवासाच्या खोल्या, जेवणाची पाने, अंगण आणि सूर्यास्त टिपणाऱ्याला माझ्या मते आजही वेगळ्या कॅमेऱ्याची गरज नाही; ते पैसे त्याने एका मजबूत ट्रायपॉडवर खर्च करावेत.

पाचवी पायरी: कॅमेरा निवडणे

अंतर हे कारण असेल तर पैसे लांब लेन्सवर घालावेत. फोनमध्ये मुख्य लेन्सच्या पाच पटीची लेन्स असली तरी तिचा आवाका फुल फ्रेमच्या भाषेत साधारण १२० मिलिमीटर असतो. कॅननच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५५-२५० मिलिमीटरची लेन्स लावली तर तिचा आवाका ४०० मिलिमीटरएवढा होतो, कारण त्या सेन्सरमुळे आकडा १.६ पट धरावा लागतो; निकॉन आणि सोनीच्या तशाच कॅमेऱ्यांवर १.५ पट धरतात. अंधार हे कारण असेल तर ५० मिलिमीटर एफ/१.८ ही लेन्स घ्यावी. बहुतेक कंपन्यांच्या लेन्समध्ये ती स्वस्तातली असते, आणि दशावताराच्या मांडाजवळ बसणाऱ्याला तिच्याइतका आधार दुसरी कोणतीही लेन्स त्या किमतीत देत नाही. कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी लेन्स अंधारात फोनपेक्षा फारसे वेगळे काही दाखवत नाही, आणि पुष्कळ नवशिक्यांचा हिरमोड तिथेच होतो.

कंपन्यांचे लक्ष आता आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे आहे, त्यामुळे आरसा असलेले जुने डीएसएलआर कॅमेरे वापरलेल्या स्थितीत बरेच स्वस्त मिळतात. शिकण्यासाठी ते उत्तम आहेत. विकत घेताना माणूस शटर किती वेळा उघडले याची चौकशी करतो. ती करावीच, पण किनारपट्टीवर वापरलेल्या कॅमेऱ्यात त्याआधी गंज पाहावा. फ्लॅश बसवण्याची वरची खाच, तळाचे स्क्रू, बॅटरीच्या कप्प्यातल्या पितळी पट्ट्या यांवर हिरवट किंवा तांबूस छटा दिसली तर तो कॅमेरा परत करावा. लेन्स दोन्ही टोकांनी उघडून, एका बाजूने विजेरी तिरपी धरून दुसऱ्या बाजूने आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे. शेवटी ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ/१६ करून मोकळ्या आकाशाचे छायाचित्र घ्यावे आणि मोठे करून पाहावे. काळसर ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. धूळ साफ करून घेता येते, म्हणून तेवढ्यावरून सौदा मोडू नये.

सहावी पायरी: खारी हवा आणि पाऊस

बुरशीबद्दल मी अनुभवाने बोलतो. शिकत असताना माझी एक लांब लेन्स मी चामडी पिशवीत घालून सागवानी कपाटात ठेवली आणि मिरगापासून गणपतीपर्यंत कपाट उघडलेच नाही. बाहेर काढली तेव्हा पुढच्या काचेच्या आतल्या बाजूने कडेपासून मध्याकडे पांढरी नक्षी पसरली होती. दुरुस्ती करणाऱ्याने ती पुसून दिली, परंतु बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला होता आणि त्या लेन्सने उजेडासमोर काढलेली छायाचित्रे त्यानंतर कायम फिकट आली. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात कपाट, कापड आणि चामडे ओल धरतात, हे मला माहीत असूनही मी त्याकडे दुर्लक्ष केले होते.

त्यासाठी घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, रंग बदलणारे सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र एवढे पुरते. डब्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून पुन्हा वापरता येते. एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून थेट दमट हवेत कॅमेरा बाहेर काढू नये, काचेवर आणि आतही दव धरते; पिशवी बंद ठेवून अर्धा तास थांबावे.

फोनच्या बाबतीत पाण्यापासून संरक्षणाच्या आयपी६८ या शिक्क्यावर विसंबून समुद्रात उतरू नये, कारण ती चाचणी गोड्या पाण्यात होते. लाट अंगावर आली तर फोन बंद करून गोड्या पाण्याच्या ओल्या कापडाने मीठ पुसून काढावे, चार्जिंगची खाच खालच्या बाजूला ठेवून पंख्याच्या वाऱ्यात वाळू द्यावे आणि खाच पूर्ण कोरडी होईपर्यंत चार्जर लावू नये. तांदळात पुरून ठेवण्याचा उपाय आपल्याकडे सर्रास केला जातो. तांदळाची पूड त्या खाचेत जाऊन बसते, म्हणून तो करू नये.

लेन्स वापरात राहिली की बुरशीला फारसा वाव मिळत नाही. त्यामुळे श्रावणात ऊन पडले, की त्या दिवशी डबा उघडून प्रत्येक लेन्स कॅमेऱ्याला लावावी, तिचे ॲपर्चर आणि फोकस पूर्ण फिरवावे, आणि वाफाळणाऱ्या कौलांची चार छायाचित्रे काढूनच ती परत आत ठेवावी.